अनलेसचा तास

घणसोलीत, झेरॉक्सच्या दुकानावर, पहिला मजला,
संध्याकाळी साडेसातची बॅच.
फळ्यावर मी लिहिते: इफ.
आणि खाली त्याची सगळी भावकी,
अनलेस, प्रोव्हायडेड दॅट, ॲज लाँग ॲज,
इन केस, अदरवाइज.
फळा छोटा. सपोजिंग कोपऱ्यात अंग चोरून बसतं.

गुणवंती मढवी, वय त्रेपन्न, पहिल्या बाकावर.
गावठाणात तीन मजले, अकरा खोल्या,
भाडेकरू ऐरोलीच्या आयटी कंपन्यांतले,
कुणी विजयवाड्याचा, कुणी सिलीगुडीची.
"टीचर, मना बाकीचं इंग्लिश नको.
गुड मॉर्निंग येतं.
फक्त अट घालता आली पाहिजे."

म्हणून आधी त्यांची अट.
पाच तारखेपर्यंत भाडं दिलं नाहीस तर खोली सोड.
मी सांगते, यातलं 'नाहीस तर' एका शब्दात मावतं, अनलेस.
त्याच्या पोटातच नकार असतो,
वरून दुसरा घालायचा नाही.
"म्हणजे शब्द पोटुशी आहे," त्या म्हणतात.
सगळी बॅच हसते. त्या नाही.
वहीत तो शब्द पाच वेळा,
पाचव्यांदा बरोबर.

रबाळ्याला रात्रपाळी करणारा इम्तियाज विचारतो,
इफच्या मागे विल का नाही? गोष्ट तर उद्याची आहे.
मी नियम सांगणार, तेवढ्यात जाणवतं,
आपण तरी कुठे आणतो.
'तू आलास तर' म्हणतो.
येणारा अजून घरातून निघालेलाही नसतो
आणि क्रियापद येऊन बसलेलं,
चपला काढून.
'मी मेले तर' असं आई म्हणायची,
डाळ निवडता निवडता,
सरळ भूतकाळात.
हे मी फळ्यावर लिहीत नाही.

तिसरा प्रकार गुरुवारी.
हॅड, वुड हॅव.
जे घडलं नाही आणि आता घडायचंही नाही, त्याच्यासाठी.
माझं उदाहरण ठरलेलं, अभ्यास केला असता तर पास झाला असता.
पंधरा वर्षं तोच मुलगा नापास होतोय.

गुणवंतीबाई पिशवीतून कागद काढतात,
दुधाच्या पिशवीत गुंडाळलेला.
घड्यांवरची अक्षरं उडालेली, खाली निळा अंगठा.
"बापूसचा. मिठागर दिलं तेव्हाचा. वाचा जरा."
मी वाचते. एका परिच्छेदात चार प्रोव्हायडेड दॅट,
दोन सब्जेक्ट टू,
शेवटी एक फेलिंग विच.
एकेकाचं मराठी करत जाते,
परंतु, अधीन राहून, तसे न केल्यास.
इम्तियाज उठून खडखडणारा पंखा बंद करतो.

"म्हणजे मुदत होती."
होती. नव्वद दिवस.
"आनि त्याला वाटलं, अंगठा दिला की संपलं."

मग त्या वही ओढतात. इफ माय फादर हॅड,
इथे पेन थांबतं.
रीडचं तिसरं रूप?
लिहायचं तेच, मी सांगते, म्हणताना रेड.
"म्हणजे वाचतो काय, वाचलं काय,
कागदावर सारखंच दिसतं."
मी काही बोलत नाही.
व्याकरणाच्या दृष्टीनं बरोबर आहे.

स्वल्पविराम देऊन त्या पुढची ओळ कोरी सोडतात.

बॅच सुटते. जिन्यात वडे तळल्याचा वास.
त्या दारात रेंगाळतात.
"सिलीगुडीच्या पोरीचा पगार अडकलाय दोन महिने.
अनलेसपेक्षा मऊ काही आहे का?"

फळा निम्मा पुसून झालेला असतो.
इफ काढून व्हेन घाला, मी म्हणते.
पगार झाला तर नाही,
पगार झाला की.
"ही अटच ना?"
अट नाही. पण चालतं.

त्या जिना उतरतात, एकेका पायरीला
व्हेन, व्हेन.
खालच्या वळणावरून आवाज येतो,
"आनि पाच तारीख?"
पेन्सिलनं लिहा, मी सांगते.